मागचा बाक

पातेल्यावरचं झाकण थडथडलं, आणि बाहेरच्या खोलीत इतका वेळ साचलेली शांतता हलली.

"मनुके उकळले वाटतं," सयाजीदादा म्हणाले. काहीतरी बोलायला मिळालं म्हणून त्यांनाही बरं वाटलं असावं.

प्रिस्का उठून स्वयंपाकघरात गेली आणि गॅस बारीक केला. उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन. काळे मनुके रात्रभर भिजवायचे, उकळायचे, फडक्यातून गाळून द्राक्षरस करायचा, पावाच्या कडा काढून बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करायचे आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मेज मांडायचं, हे काम पंचांपैकी एकाकडे असतं. गेल्या वर्षी चर्चच्या मंडळीनं तिला पंच निवडलं, तेव्हापासून ते तिच्याकडे आलं होतं. तिचा नवरा यशपाल तेव्हा हसून म्हणाला होता, "पंच झालीस म्हणजे चहाला बोलावतील असं वाटलं होतं तुला. बघ, मनुकेच गाळायला लावले की."

पावाच्या कडा खायला टपलेली आरोही ओट्याला टेकून उभी होती. पाच वर्षांची. "आई, आजोबा गेले?"

"नाही गं. बोलतोय आम्ही."

"पण तुम्ही तर बोलतच नाही."

ते खरंच होतं. सयाजीदादांनी जे सांगायचं ते आल्याआल्याच सांगून टाकलं होतं, आणि प्रिस्काला त्यावर काय बोलावं ते सुचत नव्हतं. ती बाहेर येऊन पुन्हा समोर बसली. सयाजीदादा मंडळीतले सगळ्यांत जुने पंच. मिलमधून रिटायर झालेले, तिच्या वडिलांचे जिवाभावाचे दोस्त. वडील गेल्यावर तर घरात त्यांचाच शब्द वडीलधाऱ्याचा.

"मग काय ठरलं?" त्यांनी विचारलं. "उद्या मेजाच्या आधी पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणतील, माझ्याकडून उणं घडलं. मनाली पुढं येईल, सलाम करील. संपलं. तू फक्त पोरीला घेऊन ये. तुझं ऐकती ती."

त्यांच्या मंडळीत ही रीत पूर्वीपासूनची. प्रभुभोजनाची भाकर घेण्याआधी, ज्यांचं आपसात बिनसलंय त्यांनी उठून एकमेकांकडे जायचं, समोरच्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचा आणि 'सलाम' म्हणायचं. मग मनात काही ठेवायचं नाही. प्रिस्कानं लहानपणापासून जावा-जावांचे, भावा-भावांचे, नळाच्या पाण्यावरून भांडलेल्या शेजारणींचे सलाम पाहिले होते. तिला ती वेळ फार आवडायची. भजनापेक्षाही.

पण हे नळाचं भांडण नव्हतं.

पाळक ओबेद खरातांनी प्रिस्काचं लग्न लावलं होतं. आरोहीच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी त्यांनीच घातलं होतं. कोरोनात तिचे वडील गेले तेव्हा नात्यातला माणूस दारात यायला तयार नव्हता, आणि या माणसानं शवपेटीला खांदा दिला होता. आणि याच माणसानं एकोणीस वर्षांच्या मनालीला गाण्याच्या प्रॅक्टिसनंतर थांबवून घ्यायला सुरुवात केली होती. पेटीवर सूर दाखवता दाखवता हात धरला, तो सोडला नाही. मग फोनवर मेसेज. मग एका संध्याकाळी दार लावून घेतलं. मनाली हिसडा देऊन पळाली ती थेट प्रिस्काच्या घरी आली, कारण संडे स्कूलमध्ये तिला प्रिस्कानंच शिकवलं होतं. प्रिस्कानं ते पंचांपुढे ठेवलं. पाळकसाहेबांनी नाही म्हटलं नाही. मान खाली घालून कबूल केलं.

आणि आता हा सलाम.

"दादा, मनालीला विचारलं का?"

"तिच्या आईला विचारलं. ती व्हय म्हणाली." सयाजीदादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हे बघ पोरी, मला काय गोड लागतंय होय हे? पण आपण या गावात मूठभर माणसं. बाहेर कळलं तर तोंड कुटं दाखवायचं? आन् त्या माणसानं लई केलंय आपल्यासाठी. तुझ्या बापाला—"

"माहीत आहे मला."

"मग?"

"मी मनालीकडे जाऊन येते," एवढंच ती म्हणाली.

*

शनिवार असल्यामुळे नवी पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. स्कूटरवर पुढे उभी राहिलेली आरोही प्रत्येक दुकानाबाहेर टांगलेल्या हेअरबँडकडे बोट दाखवत होती, आणि प्रिस्का "येताना, येताना" म्हणत रिक्षांमधून वाट काढत होती.

मनालीचं घर जुन्या मिलमागच्या चाळीत. तिची आई मनकर्णाबाई मूळची मोडनिंबची, नवरा गेल्यापासून घरी टॉवेलांच्या कडा शिवायचं काम आणायची. खोलीत बसायला जागा करायची म्हणजे आधी टॉवेलांचा ढीग सरकवायचा.

"या, बसा," ती मशीनवरून न उठता म्हणाली. "दादा येऊन गेले. मी व्हय म्हणाले."

"मनालीला न विचारता?"

"तिला काय इचारायचं? एकदा सलाम केला की सुटलो बघा. दोन वर्सांत लगीन करायचं हाय तिचं. ती प्रॅक्टिसला जाईना झाली, तर लोकं म्हनत्यात गर्व झालाय. लोकं मेली तिच्याकडंच बघत्यात, त्याच्याकडं कोन बघतंय?" मशीन पुन्हा खडखडायला लागलं.

मनाली भिंतीशी बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. आरोही तिच्या शेजारी जाऊन बसली आणि लगेच एक टॉवेल ओढून चुकीची घडी घालायला लागली. मनालीनं तिचे हात धरून कोपऱ्याला कोपरा कसा जुळवायचा ते दाखवलं. मग मान वर न करता म्हणाली, "ताई, मला माफ करायचंय त्यांना. खरंच. रोज प्रार्थनेत प्रयत्न करते. सकाळी जमल्यासारखं वाटतं, दुपारपर्यंत परत राग येतो."

"येणारच की."

"पण सलाम म्हणजे हात द्यायचा ना?" तिनं आपला उजवा हात टॉवेलावर ठेवला आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. "तोच हात त्यांनी धरला होता, ताई. आता मीच उठून तो त्यांच्या हातात द्यायचा. सगळ्यांसमोर. आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं."

मशीन थांबलं. मनकर्णाबाई पाठमोरीच बसून राहिली. सुईखालचा टॉवेल तसाच लोंबत होता.

"तुला काय हवंय?" प्रिस्कानं विचारलं. विचारल्यावर तिच्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत हा प्रश्न पोरीला कुणीच विचारला नव्हता. तिनंसुद्धा.

मनालीनं हातातली घडी पूर्ण केली. "मी खोटं बोलले नाही हे सगळ्यांना कळावं. माझं नाव घेऊ नका. आणि त्यांनी परत कुठल्या मुलीला प्रॅक्टिसला थांबवायला नको. इथं नको, आणि बदली होऊन दुसऱ्या गावी गेले तर तिथंही नको." ती थांबली. "पोलिसात जायचं का, ते अजून कळत नाही. पण जावंसं वाटलं तर कुणी आडवं येऊ नये."

"अजून?"

"मला गायचंय, ताई. चार भिंतीत नाही. तिथं."

मनकर्णाबाईनं पदराचं टोक तोंडाला लावलं. "मला वाटलं, मिटलं की पोरगी मोकळी हुईल," ती म्हणाली. "मला काय ठावं, तिला हात द्यायचा म्हंजी असं हुतंय."

परतताना प्रिस्का हेअरबँड घ्यायचा विसरली, आणि आरोहीही विसरली, कारण तिला आता घडी घालता येत होती आणि घरचे सगळे टॉवेल पुन्हा घडी करायचे होते.

*

रविवारी सकाळी प्रिस्का नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये पोचली. पिशवीत द्राक्षरसाच्या बाटल्या, डब्यात पावाचे तुकडे, काखेत इस्त्रीची पांढरी चादर. दारातून आत शिरताना तिचा धक्का शेवटच्या बाकाला लागला.

हा बाक दाराच्या अगदी जवळचा, एका पायाखाली वीट लावलेला. हल्ली त्यावर कुणी बसत नसे. छत्र्या, जुनी गीतांची पुस्तकं, बंद पडलेला स्पीकर असं काहीबाही त्यावर पडलेलं असे. प्रिस्का तिथेच उभी राहिली. तिला आठवलं, आरोहीएवढी असताना तिनं या बाकावर एका माणसाला बसलेलं पाहिलं होतं. प्रत्येक रविवारी. मेजाच्या दिवशी भाकरीचं ताट त्याच्यापुढून जायचं आणि तो हात पुढे करायचा नाही.

तिनं बाकावरचं सामान उचलून भिंतीशी लावलं. चादरीच्या कोपऱ्यानं धूळ पुसली, मग मात्र आपण काय केलं ते बघून जीभ चावली. मेजाची चादर होती ती. घडी उलटी करून काखेत मारली आणि मागच्या खोलीत गेली.

पाळकांच्या त्या लहानशा खोलीत पंच जमले होते. सयाजीदादा खुर्चीत, बाकीचे तिघे उभे. पाळकसाहेब पांढरा झगा घालून खिडकीशी. त्यांचे डोळे सुजलेले होते. रात्रभर झोपले नसावेत. प्रिस्काला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा थोडा रागही आला.

"मेज मांडलं का?" सयाजीदादांनी विचारलं.

"नाही, दादा. मी आज मांडणार नाही."

"म्हंजी?"

"सलाम होणार नाही. मनाली हात देणार नाही. आणि त्याशिवाय मेज कसं मांडायचं?"

उभ्या असलेल्यांपैकी एकजण हसल्यासारखं करून म्हणाला, "वर्षभर झालं नाही पंच होऊन, आणि प्रभूचं मेज अडवायला लागल्या बाई."

"मी अडवत नाहीये. सामान सगळं आणलंय." तिनं पिशवी टेबलावर ठेवली. बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. "दादा, एक विचारू? आपल्याकडे सलामाला आधी उठतं कोण?"

"ज्याचं चुकलं त्यो."

"मग आजचं ठरवताना आपण मनालीला का उठवलं?"

सयाजीदादांनी खिडकीकडे, पाळकसाहेबांकडे पाहिलं.

"आणि उठून गेल्यावर समोरच्यानं हात दिला नाही, तर?"

सयाजीदादांनी मान वर केली. तिला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं होतं, हे तिलाही कळलं.

"हंगामाच्या सणात तुम्ही माझ्या वडिलांवर सगळ्यांदेखत हात उगारला होता," ती हळू म्हणाली. "मंडपावरून. पुढच्या मेजाला तुम्ही सलामाला आलात आणि बाबांनी हात मागे घेतला. मला आठवतंय, मी त्यांच्या मांडीवर होते. मग तुम्ही कुठं बसलात, दादा?"

"मागच्या बाकावर," सयाजीदादा म्हणाले. "पंचाची खुर्ची सोडली. भाकर घेतली न्हाय. पावसाळा गेला, दिवाळी गेली. तुझ्या बापाला कुणी म्हणालं न्हाय की बाबा, हात दे. पाळक बी म्हणाले न्हाईत." ते किंचित हसले. "लई ताठ माणूस. नाताळाला दिला शेवटी."

"आणि मग तुम्ही जन्माचे दोस्त झालात. पण बाकावरचे ते मधले महिने कुणी टाळून दिले असते, तर झाला असतात का? आपण सलाम तेवढा ठेवला, दादा. बाकावर छत्र्या ठेवल्या."

खिडकीशी हालचाल झाली. "प्रिस्काताई बरोबर बोलतायत," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, भरलेला, मनात शिरणारा. "मीच बोलतो लोकांशी. सगळं सांगतो. गुडघे टेकून माफी मागतो."

"नको, साहेब."

त्यांनी चमकून पाहिलं. आजवर तिनं त्यांना कधी 'नको' म्हटलं नव्हतं.

"तुम्ही बोललात की सगळी मंडळी रडेल. मीसुद्धा रडेन. आणि रडून झालं की सगळ्यांना वाटेल, मिटलं. मनालीला काय झालं ते मागेच राहील." तिनं बोटं पिशवीच्या बंदात गुंतवली. "पंचांनी सांगावं. साध्या शब्दांत. वरच्या समितीलाही पंचांनीच कळवावं, म्हणजे उद्या दुसऱ्या गावी बदली करून कुणी पाठवायला नको. आणि ती पोलिसात जायचं म्हणाली, तर मी तिच्यासोबत जाणार. तुमच्यापैकी कुणी आलं तर बरं वाटेल."

बाहेर माणसं जमायला लागल्याचा आवाज येत होता. चपला, खुर्च्या, "सलाम मावशी, सलाम".

मग पाळकसाहेबांनी गळ्याशी हात नेला आणि झग्याची बटणं सोडायला घेतली. वेळ लागत होता. शेवटी त्यांनी झगा खुंटीला अडकवला. आत साधा चौकडीचा शर्ट होता. झग्याशिवाय ते अगदी कुठल्याही ऑफिसातल्या माणसासारखे दिसत होते.

"मी मागच्या बाकावर बसतो," ते म्हणाले.

"आज नको," सयाजीदादाच बोलले. खुर्चीचा हात धरून ते उठले होते. "आज पोरगी आत आसंल. तिच्या पाठीशी तुमी नको. आज घरी जावा. बाक कुटं जात न्हाय."

*

सयाजीदादांना बोलता येत नाही, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. साधी सूचना वाचताना ते तीनदा घसा खाकरायचे. आजही खाकरले.

"आपल्या पाळकांनी," ते म्हणाले, "मंडळीतल्या एका मुलीशी गैरवर्तन केलं. पंचांपुढं त्यांनी ते कबूल केलंय. त्या मुलीचा यात काही दोष नाही. एवढासुद्धा नाही. आजपासून ते पाळकाचं काम करणार नाहीत. वरच्या समितीला आम्ही कळवणार. आज मेज होणार नाही. आमी पंच बी चुकलो. झाकायला निघालो होतो." पुढे काहीतरी म्हणायचं त्यांच्या मनात होतं, पण ते सापडलं नाही. "बास. एवढंच हाय."

कुणी रडलं नाही. एक कुटुंब उठून बाहेर गेलं. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. दोघीतिघी एकमेकींच्या कानाशी लागल्या आणि कोण, कोण असं विचारणाऱ्या माना वळायला लागल्या.

मनाली दाराजवळ, मागच्या बाकावर बसली होती. उशिरा आली होती, रिकामा दिसला म्हणून बसली. तिला त्या बाकाची गोष्ट कुठून माहीत असणार? पण वळलेल्या माना तिच्यापाशी येऊन थांबल्या. प्रिस्का उठणार, तोच तिच्याआधी अक्कम्मा उठली.

अक्कम्मा वळसंगकडची. मराठीपेक्षा कानडीतच जास्त रमणारी, काठी टेकत चालणारी म्हातारी. पंचांच्या सभेत तिला कुणी बोलावलेलं नव्हतं, आणि तिला तसं कुणी बोलवावं लागतही नसे. ती टकटक करत मधल्या वाटेनं शेवटपर्यंत गेली.

"हितं का बसलीस?" ती मनालीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, कारण तिला स्वतःलाच कमी ऐकू यायचं. "ही जागा तुजी न्हाय. बा यव्वा. पुढं चल."

तिनं मनालीचा हात धरला नाही. आपलं कोपर पुढे केलं. मनालीला वाटलं तर तिनं धरावं.

मनालीनं धरलं.

दोघी पुढे आल्या. मनकर्णाबाई मागोमाग आली, आणि आल्याआल्या तिनं वळून सगळ्या बाकांवरून एकदा नजर फिरवली. बघा आता काय बघायचं ते, असं म्हणणारी. गाणाऱ्या मुलींनी पेटीशेजारी सरकून जागा केली.

सांगणारं कुणी नव्हतं म्हणून गीत जरा चुकतमाकतच सुरू झालं. पुरुषांनी वरचा सूर धरला, बायकांनी खालचा. पहिलं कडवं फाटलेलंच राहिलं. दुसऱ्या कडव्यात प्रिस्काला तो आवाज ऐकू आला. बारीक होता, मधेच तुटत होता, पण सुरात होता. बाकीचे हळूहळू त्याच्याभोवती गोळा झाले.

*

आशीर्वाद मागून झालेला नव्हता, त्यामुळे द्राक्षरस म्हणजे नुसता मनुक्यांचा रसच होता. उपासनेनंतर प्रिस्कानं तो अंगणात नेला आणि संडे स्कूलच्या पोरांना स्टीलच्या पेल्यांतून वाटून टाकला. पावाच्या तुकड्यांवर चिमण्यांआधी पोरांनीच झडप घातली. मनाली पेले भरायला आली. कुणीतरी तिला पुढच्या शनिवारच्या प्रॅक्टिसची वेळ विचारत होतं, आणि दार उघडंच ठेवायचं, मी येऊन बसत जाईन, असं अक्कम्मा बजावत होती.

दारात आज सयाजीदादा उभे होते. पाळकसाहेब उभे राहायचे तिथे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करत होते, आणि प्रत्येक वेळी आपला हात पुढे करून मग समोरच्याची वाट बघत होते. त्यांना ते नीट जमत नव्हतं. एका बाईनं हात जोडले, तर तेही हात जोडून मोकळे झाले.

आरोहीच्या ओठांवर जांभळी मिशी उमटली होती. तिनं रिकामा पेला आईच्या हातात दिला आणि फाटकाबाहेर बोट दाखवलं. पलीकडच्या रस्त्यावरून, चौकडीचा शर्ट घातलेला माणूस एकटाच पाळकांच्या बंगल्याकडे जात होता. बहुधा इतका वेळ कुठेतरी फिरून आता घरी निघाला असावा. दर रविवारी आरोहीचा इवला हात दोन्ही हातांत घेऊन 'सलाम, बाईसाहेब' म्हणणारा. खिशातून पेपरमिंटची गोळी काढून देणारा.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं आईचा पदर ओढला.

"आई, आता त्यांना सलाम कोण करणार?"